बारी बदलणार नाही

सामना अगदी टोकाला आला, शेवटचा डाव सुरू झाला, बाकावरच्या पोरी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या राहिल्या, की बारीवाले सर पिशवीतून केळं काढून सोलायला घ्यायचे. बघणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इथं सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस केळं सोलतोय! सोलणंही सावकाश, एकेक साल देठापासून खालपर्यंत, मैदानावर काही चाललेलंच नाही अशा थाटात. "सर, बघा की इकडं," असं कुणी ओरडलं तर म्हणायचे, "बघूनच राहिलो. तुमी वरडू नका, तिला चेंडू दिसू द्या."

अर्धापूरच्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. केळीच्या गावात बेसबॉल त्यांनी आणला. कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक बॅट, थोडे हातमोजे आणि हे खूळ घेऊन आले. गावानं या खेळाला 'बिनस्टंपाचं क्रिकेट' म्हणायला सुरुवात केली आणि पोरींना हे असलं काही शिकवतात म्हणून सरांनाही नावं ठेवली. सरांनी ती सगळी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागच्या मैदानावर चुन्यानं रेघा मारल्या.

बेसबॉलमध्ये कुणामागून कुणी फटका मारायला जायचं हा क्रम सुरुवातीलाच ठरतो. पण गरज पडली तर बाकावर बसलेल्या खेळाडूला मध्येच पाठवायची मुभा असते, आणि बाकीच्या शाळांचे शिक्षक शेवटच्या डावात ती हमखास वापरायचे. आमच्या सरांनी, कुणी जखमी झाली नसेल तर, कधीच वापरली नाही. कालव्याच्या पाण्याची जशी प्रत्येक शेताला बारी लागलेली असते आणि ती कुणी मोडली तर भावकीत डोकी फुटतात, तसंच त्यांच्या लेखी हे होतं. "पानी सुटल्यावर कोनी बारी बदलतंय का? जिची बारी तिनं जायचं." म्हणून ते बारीवाले सर. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायचंही.

एका शब्दाचा मात्र त्यांना भयंकर राग होता. 'ऐन वेळ'. काही माणसं ऐन वेळी उभी राहतात आणि काही ऐन वेळी कच खातात, ही देवाची देणगी असते, अशी आमच्याकडं सगळ्यांची खात्री होती. गावात होती, शिक्षकांच्या खोलीतही होती. सर त्यावर तुटून पडायचे. "ऐन वेळ म्हंजी काय? कोन्त्या झाडाला लागती? केळीचा घड काट्यावर चढला की कोन्ती फणी आधी आली आन कोन्ती मागून, इचारतेत का? पहिल्या डावातला रन आन शेवटच्या डावातला रन, काट्याला येकच." मग आवाज खाली आणून म्हणायचे, "जी सकाळी सरावाला येती ती खेळती. बाकी समद्या गप्पा हायत."

मला हे पुरतं पटत नसे. शेवटच्या डावात पोटात जो गोळा उठतो तो पहिल्या डावात उठत नाही, हे मला माझ्याच पोटानं सांगितलं होतं. एकदा मी सरांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "उठू दे की गोळा. गोळा पोटात हाय, बॅट हातात हाय. कामून मिसळती दोन्ही?"

हदगावच्या सामन्यात माझी मैत्रीण संगी हिनं शेवटच्या डावात चेंडू पार कुंपणापल्याड मारला आणि आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभाला आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांनी स्वतःच्या सत्काराची शाल काढून संगीच्या अंगावर घातली आणि माईकवरून जाहीर केलं, "ही आमची ऐन वेळेची वाघीण!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सर तरातरा मंचावर गेले आणि अध्यक्षांच्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "पोरगी गुणाची हाय साहेब. पन पहिल्या डावात ज्यांनी रन काढले त्यांच्या शाली कुठं हायत? ते रन नसते तर हिच्या फटक्याला कोन इचारलं असतं?" अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. संगी त्या शालीत तोंड खुपसून रडली. मला तेव्हा सरांचा राग आला आणि आजही थोडा येतो. पोरीला एक संध्याकाळ मिरवू द्यायला काय जात होतं?

संगी वाघीण झाली, आणि त्याच साली मी 'कचखाऊ' झाले. नांदेडला अंतिम सामना होता. शेवटच्या डावात आमच्या दोघी बाद, तिसरी गेली की डाव संपणार, एक पोरगी तिसऱ्या बेसवर म्हणजे रनापासून एकाच टप्प्यावर उभी, बरोबरी साधायला एक फटका हवा, आणि बारी माझी. तीन चेंडूंवर मी तीनदा हवेत बॅट फिरवली आणि बाद झाले. सामना गेला. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दूध घालायला जावं तर डेअरीवर कुणीतरी म्हणायचं, "वैशे, ऐन वेळी कच खाल्लीस की." चुलती म्हणाली, "भित्रं काळीज हाय पोरीचं, खेळात कशाला घालायचं?" माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फार बोलत नसत. ते एवढंच म्हणाले, "अजून येक साल. परत असंच झालं तर बॅट ठिवायची आन घरचं बघायचं." दादांचा शब्द म्हणजे शब्द. माझं खेळणंच काय, बाहेरगावी शिकायला जाणंही त्या एका सालावर टांगलं गेलं.

पुढच्या साली सरांनी क्रम सांगितला तेव्हा मी जिथं होते तिथंच होते. वाघीण मात्र बाकावर. शालीनंतर संगी सकाळी उशिरा यायला लागली, कधी यायचीच नाही. वाघिणीला सराव कशाला, असं तिला वाटू लागलं होतं, आणि तसं वाटायला लावणारे आसपास भरपूर होते. सरांनी तिला समजावलं, मग रागावले, मग बाकावर बसवलं.

आणि नांदेडच्या त्याच मैदानावर पुन्हा तोच पेच पडला. शेवटचा डाव, दोघी बाद, तिसऱ्या बेसवर आमची पोरगी, फटका मारायची बारी माझी. बघणाऱ्यांच्या तंबूतून ओरडा सुरू झाला, "संगीला पाठवा! संगी! संगी!" कुंपणाला टेकून दादा उभे होते. ते ओरडत नव्हते, त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. तेवढ्यात अध्यक्ष खुर्चीवरून उठून थेट आमच्या बाकापाशी आले.

"सर, हिला बसवा. मागल्या साली हिनंच घालवलं."

"बारी वैशालीची हाय साहेब."

"वाघीण बाकावर बसवून कचखाऊ पोरीला पाठवून राहिले तुम्ही? शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. सांगून ठेवतो, उद्यापासून हा संघ तुमच्याकडं राहणार नाही."

सरांनी पिशवीतून केळं काढलं. शांतपणे सोललं, अर्धं मोडून अध्यक्षांपुढं धरलं. "घ्या. आपल्याच गावचं हाय. संघ उद्या घ्या, आज बारी बदलणार न्हाई." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "जा पोरी. रोज मारती तसं मार."

मी मारलं. आयुष्यात मी मारलेला तो सगळ्यात चांगला फटका. चेंडू बॅटच्या पोटावर असा बसला की हाताला झिणझिण्यासुद्धा आल्या नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या समोरच्या संघातल्या पोरीनं घाबरून हातमोजा तोंडापुढं धरला आणि डोळे मिटले. चेंडू तिच्या मोज्यात जाऊन रुतला. मी बाद, सामना खलास. डोळे मिटलेल्या त्या पोरीला मैत्रिणींनी खांद्यावर घेतलं आणि 'ऐन वेळेची वाघीण' म्हणून तिच्या गळ्यात हार पडला. मी पुन्हा कचखाऊ. आता म्हणा काय म्हणायचं ते.

मी रडत बाकापाशी आले. सर म्हणाले, "रडती कामून? चेंडू बॅटच्या पोटावर लागला. म्होरं कोनाचं तोंड आलं त्याला तू काय करशील?" आणि पिशवी उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच संघ त्यांच्याकडून काढून घेतला गेला. आणि त्याच सकाळी सर आमच्या मळ्यात आले. त्या उन्हाळ्यात वादळानं आमची निम्मी केळी आडवी झाली होती आणि दादा नवे कंद लावत होते. सर बांधावर उकिडवे बसले. मग म्हणाले, "भाऊ, लागवड परत करून राहिले?"

"मंग काय करता सर? वाऱ्याला कोन काय करील? झाडात तर खोट नव्हती."

"तुमच्या पोरीत बी न्हाई. काल कुंपणाला हुबं होते तुमी. डोळ्यानं बघितलं. सांगा, फटका खोटा होता का?"

दादांनी हातातला कंद खाली ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "फटका खरा होता." आणि मला हाक मारून म्हणाले, "वैशे, सरांना च्या टाक." बॅट ठेवायचं पुन्हा कधी निघालं नाही. मी खेळले, शिकले, आणि आज लातूर जिल्ह्यात मुरुडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सरांना शाळेनं संघ परत दिला नाही. ज्यांना यायचं त्या पोरींना ते कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत सकाळी शिकवत राहिले. तिथं जिंकायला ढाल नव्हती, मिरवायला मंचही नव्हता. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी संगी आली होती.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्याच्या थोडं आधी मी अर्धापूरला त्यांना भेटायला गेले होते. अंथरुणाला खिळले होते, पण जीभ होती तशीच तिखट. मी मनात वर्षानुवर्षं ठेवलेलं विचारलं, "सर, ऐन वेळेची माणसं नसतातच म्हणता. मग त्या दिवशी अध्यक्षांपुढं तुम्ही उभे राहिलात ते काय होतं?"

ते चिडले. "त्यात काय ऐन वेळ? रोज सकाळी तुमाला जे सांगत होतो तेच त्यांना सांगितलं. रोज म्हनायचं येक आन त्या दिवशी म्हनायचं दुसरं, असं करू व्हय?"

मी नेलेली केळी त्यांच्या उशाशी ठेवली आणि निघाले.

परवा आमच्या मुरुडच्या पोरींचा अंतिम सामना होता. शेवटचा डाव, एक फटका हवा, आणि बारी पूजाची. मागच्या स्पर्धेत अशाच वेळी बाद झालेली पूजा. मुख्याध्यापक बाकापाशी आले, मागून चार पालक आले. "मॅडम, तिला बदला. ऐन वेळी कच खाते ती." पूजा ते सगळं ऐकत होती. तिच्या हातातली बॅट हलताना मला दिसत होती. माझेही हात थरथरत होते, इतके की लपवायला जागा नव्हती. पिशवीत डब्याबरोबर केळं होतं. ते काढलं आणि सोलायला घेतलं. एक साल निघाली, दुसरी निघाली, हातांची थरथर हळूहळू थांबली. तेव्हा कळलं की सर इतकी वर्षं केळं का सोलत होते. त्यांचेही हात थरथरत असणार. तो माणूस आमच्याइतकाच घाबरायचा, आणि तरीही त्यानं एकदाही बारी बदलली नाही. अर्धं केळं मी मुख्याध्यापकांपुढं धरलं.

"बारी पूजाची आहे सर," मी म्हणाले. "जा गं. रोज मारतेस तसं मार."

ती गेली. तिनं मारलं की नाही, हे मला मुरुडात आल्या-गेल्यानं विचारून झालंय. तुम्हीही विचारू नका, मी सांगणार नाही. पुढच्या स्पर्धेचा क्रम लावलाय, आणि पूजा जिथं होती तिथंच आहे.