बाहेरून कुलूप, आत आम्ही

त्या मे महिन्यात आम्ही आमच्याच घरात चोरासारखे लपून बसलो होतो, आणि आम्हाला पकडून दिलं ते मीच.

तेव्हा आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. कौलारू बैठं घर, पुढं ओटी, मागं विहीर आणि जांभळाचं झाड. ऐंशीच्या दशकातलं बदलापूर म्हणजे आमच्या मुंबईच्या नातेवाइकांचं फुकटातलं महाबळेश्वर! (थंडी तेवढी नव्हती.) मे उजाडला की जो तो पिशवी घेऊन उतरायचा. "काय हवा आहे गं तुमच्याकडे!" हवा खायला आलेली ही माणसं नुसत्या हवेवर राहत असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण सकाळी पोहे, दुपारी रस-पोळी, चारला चहा, आणि मधल्या वेळात त्यांना कुठंतरी 'न्यायचं'. बारवी धरणावर न्या, अंबरनाथच्या शिवमंदिरात न्या, उल्हासनगरला कापड घ्यायला न्या. त्या देवळात मी इतक्यांदा गेले होते की नंदीनं मान वळवून विचारलं असतं, "आज कोणाला आणलंत, बाई?"

त्या वर्षी ह्यांना चक्क मे महिन्यात रजा मिळाली. (हे अंबरनाथला फॅक्टरीत होते.) ह्यांना फिरायचं होतं. मला झोपायचं होतं. रात्रीची झोप नव्हे हो, ती काय सगळेच घेतात! मला हवी होती दुपारची. जेवून जरा लवंडावं, डोळा लागावा, आणि जाग आल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळू नये, अशी. लग्न झाल्यापासून मी तशी एकदाही झोपले नव्हते.

"रजा काय झोपायला घेतलीय का?" हे म्हणाले.

"मग काय मला पोळ्या लाटायला लावायला घेतलीय?"

"अगं, पण जरा नदीवर जाऊ, धरणावर जाऊ..."

"जाऊ की. आणि परत येईपर्यंत ओटीवर तुमची आत्या बसलेली असेल!"

आत्या खरोखरच बसलेली असायची.

शेवटी तोडगा निघाला तो माझ्याच सुपीक डोक्यातून. सगळ्यांना सांगायचं, आम्ही गावाला चाललो. पुढच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप ठोकायचं आणि मागच्या दारानं गुपचूप आत यायचं. पाहुणे येतील, कुलूप बघतील, परत जातील. दिवसभर आत ताणून द्यायची आणि पहाटे गल्लीला जाग यायच्या आत मागच्या दारानं फिरून यायचं. आरामही झाला, सहलही झाली! हे माझ्याकडे बघतच राहिले. फॅक्टरीतल्या मोठ्या साहेबाकडेसुद्धा हे इतक्या आदरानं बघत नसतील.

कुलूप उल्हासनगरहून आणलं. दुकानदार सिंधी होता. म्हणाला, "बेन, चोर तो छोड़ो, घरवाले भी नहीं खोल सकेंगे!" मी खूश होऊन दोन रुपये कमी करून घ्यायचंसुद्धा विसरले.

आता अडचण एकच होती. सुमनताई! आमची शेजारीण. इथल्याच भातशेतीवाल्या घरातली, मनानं सोनं. आमच्या दोघींच्या घरात एक भिंत सामाईक. दिवसातून शंभरदा ती भिंतीपलीकडून "वहिनीऽऽ" म्हणून हाक मारायची आणि मी हातातलं टाकून "ओऽ, आले!" म्हणायचे. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणं. तेव्हा तिच्याशीही खोटं बोलायचं ठरलं, आणि ते माझ्या अगदी जिवावर आलं. तिला कळलं असतं तर तिनं पुन्हा माझ्या ओटीवर पाय ठेवला नसता! बाकी सगळी गल्ली हसली तरी चालेल, पण सुमनताई तुटायला नको, एवढंच मी देवाला सांगितलं.

निघालो. ट्रंकेत उशा भरल्या होत्या. (रिकामी ट्रंक उचलताना ह्यांना कण्हता येत नाही.) सुमनताई टांग्यापर्यंत आली आणि माझ्या हातात डबा कोंबला.

"शेंगदान्याचं लाडू हायत. वाटेत पोरांना लागतील. आन् घराची काळजी करू नका, वहिनी. मी हाय!"

मला भरून आलं. बाळू आणि मंगल, माझी दोन्ही पोरं, हात हलवत होती. आम्ही स्टेशनपर्यंत गेलो, तिथल्या बाकड्यावर काळोख पडेपर्यंत बसलो आणि शेताच्या बांधाबांधानं उशा डोक्यावर घेऊन घरी परतलो.

आणि मग... काय सांगू! दुसऱ्या दिवशीची ती दुपार मला अजून आठवते. खिडकीला ओलं लुगडं लावलेलं. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक कवडसा खाली उतरलेला, माठापासून निघून हळूहळू ह्यांच्या पोटावर चढत होता. बाहेर कुणीतरी रहाट ओढत होतं, लांब कुणाची कोंबडी ओरडत होती, आणि माझ्या नावानं कुणी म्हणजे कुणी हाक मारत नव्हतं. मी घरात होते आणि नव्हतेही. पोरंसुद्धा कुजबुजत भांडत होती. "बघ ना गं आई, हा चिमटा काढतो," हे कुजबुजीत ऐकलं की अगदी गोड वाटतं! हेही माझ्या कानाशी लागून बोलत होते. इतक्या हळू आवाजात आम्ही लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच बोललो असू. मध्येच झोप लागे, मध्येच उतरे, आणि कवडसा तेवढ्यात भिंतीवर गेलेला असे. उठल्यावर मी विचारलं, "अहो, सकाळ आहे की संध्याकाळ?" हे म्हणाले, "माहीत नाही." मला इतकं बरं वाटलं की परत झोपले.

फोडणी द्यायची चोरी होती, त्यामुळे दहीभात आणि लाडू. (मोरी आतच होती, नाहीतर ही गोष्ट फारच वेगळी झाली असती.)

तिसऱ्या पहाटे ह्यांच्यासाठी नदीवर गेलो. उल्हास नदी तेव्हा कशी निवांत होती! पाण्यात पाय सोडून चौघं बसलो. हे शीळ घालत होते, पोरं चपटे दगड पाण्यावर उडवत होती आणि मी एका खडकाला टेकून पुन्हा डुलक्या काढत होते. उजाडायच्या आत घरी आलो. सगळ्यांत मागून बाळू आला. कडी लावायचं त्याचं राहिलं आणि बघायचं माझं.

दुपारी अर्धवट झोपेत असताना परसातून आवाज आला.

"अगंबाई! मागचं दार उघडंच टाकून गेली का ही मानसं!"

सुमनताई! आमच्या मोगऱ्याला पाणी घालायला आली होती. आम्ही चौघं पालीसारखे भिंतीला चिकटलो. मंगलनं तर डोळे मिटून घेतले, म्हणजे ती कुणाला दिसणार नव्हती.

"चोर-बीर शिरला आसल तर?" सुमनताई स्वतःशीच बोलत होती. आत यायचा तिला धीर झाला नाही. तिनं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, आणि तिच्या गोठ्याचं कुलूप आणून त्या कडीला लावलं. वर बाजलं आणून दारातच टाकलं.

"आता वहिनी येईपर्यंत मी हितनं हलनार नाय!"

पुढं कुलूप, मागं कुलूप आणि कुलपाला राखण! हे माझ्या कानात म्हणाले, "आता गं?"

"आता काय? झोपा."

"अगं, पण परवा माझी ड्यूटी आहे!"

मी डब्यातला शेवटचा लाडू चौघांत वाटला. बाहेर ती बिचारी उन्हातान्हात माझं घर राखत होती आणि आत मी तिचेच लाडू खात होते. मला फार लाज वाटली. लाज वाटली आणि झोपही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एक विचित्र स्वप्न पडायला लागलं. स्वप्नात ह्यांची आत्या आली होती. सोबत तिची सून, नातवंडं आणि आंब्यांची पाटी.

"कुलूप कसं गं?" आत्या विचारत होती.

"ती समदी गावाला गेली," सुमनताई सांगत होती.

"कुठल्या गावाला? आम्ही गावाहूनच येतोय! जुन्नरहून थेट. तिथं कोणी आलेलं नाही!"

"आवो, असं कसं? मी सोता टांग्यात बसवलं. ही एवढी मोठी ट्रंक होती!"

"मग गेली कुठं ही चौघं?"

स्वप्नात गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं घाटात गाडी पडली असेल, कुणी म्हणालं चौकीवर कळवा. आणि सुमनताईनं हंबरडा फोडला. "माझी वहिनी गं! लेकरं घेऊन कुठं गेलाव गं तुम्ही! वहिनीऽऽ!"

इतकी वर्षं त्या हाकेला जे उत्तर दिलं, तेच तोंडातून गेलं.

"ओऽऽ, आले हं, सुमनताई!"

बाहेरचं रडं मध्येच तुटलं. मी डोळे उघडले. समोर हे, दोन्ही हात डोक्याला लावून बसलेले. स्वप्न कसलं, सगळं खरंच चाललं होतं!

नंतरचं फार सांगत नाही. खिडकीच्या गजांतून ह्यांनी किल्ली बाहेर दिली. पुढचं कुलूप उघडेना, आणि मागच्याची किल्ली सुमनताईला गडबडीत सापडेना. दुकानदार शब्दाचा पक्का निघाला! शेवटी सुमनताईनं स्वतःच्या घरून वरवंटा आणला आणि घाव घातले. एकेक घाव माझ्या काळजावर पडत होता. आता ही आत येणार, दोन शब्द सुनावणार आणि कायमची जाणार.

दार उघडलं. गल्ली दारात, आत्या सगळ्यात पुढं. सुमनताई एकटी आत आली. रडून डोळे सुजलेले. तिनं अंथरुणं पाहिली, ओलं लुगडं पाहिलं, उशा पाहिल्या. मी हात जोडले.

"वहिनी, झोपायचंच व्हतं तर मला सांगायचं ना," ती म्हणाली. "मी लावलं आसतं की बाहेरनं कुलूप!"

आणि माझ्या अंथरुणावर बसली. "काय थंड वाटतंय गो हितं..." म्हणत जराशी आडवी झाली. आणि आत्या दारात पाटी घेऊन उभी असताना, सगळ्या गल्लीच्या देखत, सुमनताईला गाढ झोप लागली! मी तिच्या अंगावर चादर घातली आणि आत्यासाठी कणीक भिजवायला घेतली. इतक्या आनंदानं मी कधीच पोळ्या लाटल्या नव्हत्या.

पुढच्या मे महिन्यात सुमनताई किल्ली घेऊन आली. "वहिनी, आमी गावाला चाललोय."

"अहो, तुमचं गाव हेच ना?"

"त्येच तर! तुमी बाहेरनं कुलूप लावा."

लावलं. दोन दिवसांनी पलीकडच्यांनी किल्ली आणून दिली, मग कोपऱ्यावरच्यांनी. सुमनताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, ते आधीच सांगितलंय. बघता बघता अख्खी गल्ली 'गावाला गेली' आणि तिचे यच्चयावत पाहुणे चौकशीला म्हणून माझ्या ओटीवर येऊन चहा पिऊ लागले. सगळीकडून गाढ घोरण्याचे आवाज येत होते आणि मी पोह्यांमागून पोहे परतत होते. शेवटी वैतागून ठरवलं, आपणही पुन्हा आतच बसायचं! पण जमलं नाही. मागच्या दाराची युक्ती आता आत्यालाही ठाऊक होती; या खेपेला दोन्ही दारांना कुलूप हवं होतं. मला बाहेरून कुलूप घालायला गल्लीत जागं माणूसच उरलं नव्हतं!