एकादशीचा घास

जवस भाजायला टाकले की त्या खरपूस वासासरशी आमचं अमडापूरकडचं स्वयंपाकघर आठवतं आणि तिथे भिंतीला पाठ लावून बसलेला माझा मोठा भाऊ. ऐन विशीत त्याच्या मनानं घेतलं की जेवणात कुणीतरी विष कालवतं. गावात कुणी म्हणे देवाला न्या, कुणी म्हणे नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. आई मात्र रोज त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खायची, मग तो जेवायचा. एक दिवस त्याला आईचाही भरवसा वाटेना. ताट तसंच राहिलं, भाकर वाळली, जवसाच्या चटणीवरचं तेल निथळून कडेला आलं. दिवेलागणीला बाबा खामगावला कापूस विकून बैलगाडीनं परतले. त्यांची एकादशी होती, आणि ती त्यांनी जन्मात कधी मोडली नव्हती. पाय धुऊन आत आले, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि भावाशेजारी बसले. त्याच्या ताटातली भाकर मोडली, चटणीला लावली आणि खाल्ली. भाऊ त्यांच्या घशाकडे बघत राहिला. "बाबा, यात खरंच काही असंन तं?" त्यानं विचारलं. बाबा सावकाश चावत होते. "असंन तं दोघंबी जाऊ," ते म्हणाले, "जेव आता." तो जेवला. बाबांनी त्याला धीर दिला, असंच मी कितीतरी वर्षं समजत होते. आता त्यांच्या वयाची झाल्यावर वाटतं, त्या संध्याकाळी दोघंही गेलो तरी चालेल इतके ते थकलेले होते, आणि बोलले ते अगदी मनापासून होतं.