एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती

“एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती? मॅडम, तपासणी समिती टायटल्स मोजते, प्रती नाही,” कदम सर म्हणाले.

कदम सर आमच्या रत्नागिरीतल्या एका कॉलेजात केमिकल इंजिनीअरिंगचे एचओडी. मी एमआयडीसीतल्या प्लांटमधून प्रोसेस मॅनेजर म्हणून रिटायर झालेली. पुस्तक खरेदीच्या कमिटीवर इंडस्ट्रीतलं कुणीतरी लागतं, म्हणून बोलावलेली. मी चहा पिऊन सही करून जाईन, अशी त्यांची समजूत असावी. तिथेच ते फसले.

कॉलेजची रीत अशी, की प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत घ्यायची. यादी लांबलचक दिसते. प्रत एकुलती, म्हणून घरी न्यायला द्यायची नाही, कुलपात ठेवायची. मग पोरं काय करणार? गाइड पाठ करतात.

आमची हुज्जत चालू असतानाच अक्षता चोगले सरांची सही घ्यायला आली. दाभोळची पोर, मटेरियल बॅलन्समध्ये दोनदा नापास झालेली. मटेरियल बॅलन्स म्हणजे आत माल किती गेला आणि बाहेर किती आला, याचा हिशेब. आमच्या धंद्याची बाराखडीच. आणि त्यापायी ही कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन आली होती. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

“काय गो, का सोडतेस?”

“मलाच जमत नाही, मॅडम. माझं तेवढं डोकंच नाही.”

मी म्हटलं, शंभर किलो ओले बोंबील धर, त्यात ऐंशी टक्के पाणी. सुकवून पाणी वीस टक्क्यांवर आणलं, तर बोंबील किती किलो उरले? ती लगेच म्हणाली, चाळीस. ऐंशीतून वीस वजा केले, साठ किलो पाणी उडालं, संपलं. ही चूक माझ्या प्लांटमधले नवे इंजिनीअरही बिनधास्त करायचे.

ज्याच्या चाळीस प्रती मी मागत होते, ते पुस्तक मी पिशवीतून काढलं. साधं इंग्रजी, पदोपदी सोडवलेली उदाहरणं. पहिला धडा वाच, उदाहरणांची उत्तरं हाताने झाकून स्वतः सोडव, असं सांगून तिला शेजारच्या वर्गात बसवलं. कदम सर म्हणाले, बघू तुमच्या पुस्तकाची करामत.

बराच वेळ गेला. मग ती आली ती बोलतच.

“पंचवीस किलो. पाणी उडतं, पण सुका भाग वीस किलो तसाच राहतो. शेवटी तोच ऐंशी टक्के व्हायला हवा, म्हणजे एकूण पंचवीस.” मग सरांकडे वळून म्हणाली, “सर, हे पुस्तक आपल्याकडे का नाही?”

कदम सर तसे सरळ माणूस. अर्ज त्यांनी सही न करता परत दिला आणि चाळीस प्रतींची ऑर्डर काढली. टायटल्स कमी असल्याचा शेरा पुढे तपासणी समितीने मारलाच. सर म्हणाले, मारू देत.

अक्षता पास झाली, तीही काठावर नव्हे. मला इतका आनंद झाला, की घरी येऊन शिरा केला.

परवा तिने मला कॉलेजच्या जिन्यातच गाठलं. हातात हीट ट्रान्सफरचं नवं पुस्तक.

“मॅडम, चारदा वाचलं. हे पुस्तकच वाईट आहे. बदला.”

ते मीच निवडलेलं होतं. झरझर चाळलं, सगळं समजलं, टिक केली. समजणारच, तीस वर्षं तेच तर केलं! पुस्तक निवडताना ज्याला विषय येतो त्याला विचारू नये. यंदाच्या कमिटीवर अक्षताला घ्या, असं मी कदम सरांना कळवलं आहे.