कल्हईवाल्याच्या लेकीचे साचे

बिल्किसआपाचे वडील कमरोद्दीन कल्हई करायचे. भांडं चकचकीत झालं की त्यात आंबट ताक ओतून ठेवायचे आणि थोड्या वेळानं ते गिऱ्हाइकासमोर स्वतः प्यायचे. कल्हई कच्ची असली की ताक कळकतं, कडवट लागतं, जिभेला कळतंच. "आधी माझ्या पोटात जाऊ द्या, मग तुमच्या लेकरांच्या," म्हणायचे. पितळी भांडी माळ्यावर गेली, कमरोद्दीनचाचाही गेले. ही खोड मात्र लेकीकडं राहिली.

आपा शहरातल्या जुन्या वस्तीत, दोन खोल्यांत केक करते आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायांना शिकवते. सिलिकॉनचा नवा साचा तिच्याकडं थेट कामाला लागत नाही. आधी साबणानं धुवायचा, रिकामाच ओव्हनमध्ये तासभर तापवायचा, मग त्यात बिनइसेन्सचा, बिनरंगाचा केक भाजायचा. "व्हॅनिलाच्या वासात सगळे ऐब झाकून जातात," ती म्हणते. तो पहिला केक ती एकटी खाते.

यंदा लगीनसराईत चितेगावची आशाबाई पिशवी घेऊन तणतणत आली. पिशवीत आपानंच दिलेले बारा लाल साचे, त्यातला एक जळून काळाठिक्कर. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीतल्या चाळीस लेकरांना केक द्यायचे होते. आशाबाईची पहिलीच ऑर्डर.

"आपा, ह्ये काय दिलंत मला? सगळ्या घरात वास! सासू म्हणती, लेकरं मारती का काय."

"तू केलंस काय त्याला?"

"नव्या तव्याला करतेत तेच. तेल चोपडलं अन् ठिवला गॅसवर."

आपा हसत सुटली. "या अल्ला! तवा है क्या वो? उद्या प्लॅस्टिकच्या बादलीला कल्हई मागशील! ओव्हनात चालतं, जाळावर नाय. कितीदा सांगितलं?"

"सांगितलंत व्हय. पर नवं भांडं न जाळता वापरायचं म्हंजी जीव धजंना."

विषय इथं मिटला असता. चूक आशाबाईची, पुरावा समोर. पण आपानं उरलेल्या अकरांतला एक उचलून पिळला आणि तिचं हसू थांबलं. पिळलेल्या जागी पांढरी रेघ उमटली होती. तिचा जुना साचा कितीही पिळला तरी लालच राहायचा. सिलिकॉनमध्ये स्वस्त भुकटी मिसळली की अशी रेघ येते. नुसत्या रेघेवरून भेसळ ठरत नाही, पण संशयाला ती पुरे होती.

जुन्यासारखेच दिसले म्हणून आपानं हे साचे घेतले होते आणि ऑर्डरींच्या गर्दीत पाच बायांना तसेच वाटून टाकले होते. पहिला केक स्वतः न खाता.

तिनं ओव्हन लावला. एका बाजूला जुना साचा, दुसऱ्या बाजूला नवा. तासाभरानं दार उघडलं. जुन्याला वास नव्हता, नव्याला पंक्चरच्या दुकानाचा. तरी तिनं त्यात पीठ ओतून भाजलं, एक घास चावला आणि मोरीत जाऊन थुंकला.

"आशाबाई, जाळलंस ते तुझं चुकलं. पर मोठी चूक माझी."

"असू द्या आपा. मी जाळलं म्हणूनच वास आला, असं सांगते की समद्यांला. तुमचं नाव कशाला खराब?"

"नाव अब्बांचं हाय. ते झाकून नाय ऱ्हात."

तिनं तिथंच बसून बाकीच्या चौघींना फोन लावले. "ते साचे वापरू नका. मी न तपासता दिले." रत्नमाला नावाच्या एकीनं लई सुनावलं. आपानं सगळं ऐकून घेतलं.

"अन् उद्याचं काय?" आशाबाईचा चेहरा पडला होता.

"घरी स्टीलच्या वाट्या किती हायेत?"

"लग्नात आल्यात त्या. शंभर तरी असतील, कुणी दुसरं काय दिलंच नाय!"

"चल मग."

दोघी चितेगावला गेल्या. वाट्यांना आतून तूप लावलं, वर मैदा भुरभुरला, आणि संध्याकाळभर आशाबाईचा लहानसा ओव्हन चालू राहिला.

सकाळी अंगणवाडीत लेकरं रांगेत बसली. आशाबाईची सासू दारातच उभी, तोंडाला पदर लावून. आपानं परातीतला एक केक वाटीसकट उचलला, तिच्यासमोर सगळा खाल्ला आणि वाटी उलटी करून दाखवली.

"आता वाढ," ती आशाबाईला म्हणाली. "एक जादाचा केला होता ना माझ्यासाठी?"

"दोन केले व्हते," आशाबाई म्हणाली. "एक मी पहाटंच खाल्ला."

मग तिनं वाढायला घेतलं.