ताउनोच्या बंदुकीचं लाकूड

रेनो माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आमच्या तळघरात राहत होता, आणि नव्या नवरीच्या उत्साहात मी ठरवून टाकलं होतं की वर्षभरात याचं लग्न लावायचं आणि तळघर रिकामं करून घ्यायचं. मला तिथे बटाटे ठेवायचे होते. पण तिथे बंदुका होत्या, आणि बंदुका हलतील तर शपथ.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर हरलेल्या जर्मनांच्या आणि बाकीच्या फौजांच्या जुन्या रायफली कवडीमोलाने विकायला निघाल्या. आमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात त्या पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असत, फावडी ठेवतात तशा. खाणीतला नाहीतर लाकूडतोडीवरचा माणूस पगाराच्या दिवशी त्यातली एक उचलायचा आणि थेट आमच्या मागच्या दाराशी यायचा. कारण फौजेची रायफल म्हणजे लांबच लांब, जड, टोकापर्यंत लाकडात गुंडाळलेली आणि वर बोटभर ग्रीस. ती घेऊन नोव्हेंबरच्या बर्फात हरणामागे फिरणार कोण?

रेनो दिवसा कागदाच्या गिरणीत लेथवर काम करायचा आणि संध्याकाळी हा उद्योग. रायफल सोडवायची, धुवायची, जुनं लाकूड काढून टाकायचं आणि अक्रोडाचा नवा दस्ता घालायचा. तोही ज्याच्या त्याच्या मापाचा. आलेल्या माणसाला भिंतीशी उभं करून तो त्याचा हात, मान, खांदा असा काही मोजायचा की शिंप्याने लाजावं. मग आठवडेच्या आठवडे जवसाचं तेल तळहाताने लाकडात जिरवत बसायचा. जेवायला वर आला की त्याच्या हाताचा वास आधी यायचा आणि तो मागून. बदल्यात कोणी धुरावलेले मासे द्यायचं, कोणी हरणाची तंगडी. कोणी काहीच द्यायचं नाही, त्याचंही त्याला काही नसे.

काढलेलं जुनं लाकूड जायचं सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीत. शनिवारी सगळी आळी आमच्याकडे वाफ घ्यायला यायची, आधी बायका, मग पुरुष. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं ते लाकूड असं काही पेटायचं की विचारू नका. आमच्याकडे दर शनिवारी जर्मन फौज हरते, असं माझा नवरा आर्वो म्हणायचा. रायफल म्हणजे लोखंड, लाकूड म्हणजे सालपट, हे आमच्याकडच्या सगळ्याच हौशी मंडळींचं मत. त्यात रेनो एकटाच मूर्ख होता असं नाही.

ताउनो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. लढाईवरून येताना त्याने एक जर्मन रायफल आणली होती. लोखंड सोडवून वेगळं केलं तरी लाकूड पिशवीत मावेना, म्हणून त्याने पुढचं लाकूड करवतीने कापलं होतं, नळीवरच्या लोखंडी कड्याखाली, म्हणजे घरी येऊन जोडलं की कड्याआड झाकलं जाईल. ती गोष्ट तो दर नाताळला सांगायचा: करवत आचाऱ्याची, हाडं कापायची, बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवतोय आणि हा गुडघ्यावर लाकूड धरून कापतोय. कड्याखालचा तो वाकडातिकडा काप सगळ्यांना दाखवायचा. सगळे हसायचे. रेनो तेवढा तोंड वाईट करून "खाटीक" म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मग एका हिवाळ्यात लाकूडतोडीत ताउनोच्या अंगावर झाड पडलं. त्याची बायको हेल्मी एकटी राहिली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती ताउनोची रायफल घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "शिकारीला आता मलाच जायला हवं, पण ही माझ्यापेक्षा उंच आहे. माझ्या मापाची करून दे."

रेनोने तिचं माप घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. हा माणूस अख्ख्या गावाचे खांदे मोजलेला, पण तिच्या कोपराला फूटपट्टी लावताना त्याचे कान लाल झाले होते. हेल्मीला लग्नाचं आयुष्यात फक्त त्याच्या दोस्ताने विचारलं, यानेही विचारलं असतं पण दोन वर्षं शब्द जुळवत बसला, हे मला आर्वोने सांगितलं होतं. आता त्या दस्त्याचं काम पानगळीपर्यंत चाललं. असा दस्ता त्याने ना आधी केला, ना नंतर. हेल्मीने तो खांद्याला लावला आणि तिचा गाल आपोआप जागेवर बसला.

मग म्हणाली, "छान झालीय रे. आणि ते जुनं लाकूड?"

इतक्या वर्षांत कोणी जुनं लाकूड मागितलं नव्हतं.

"ताउनोचा काप आहे त्यावर," ती म्हणाली. "तेवढं मला ठेवायचंय."

रेनो म्हणाला, खाली कुठेतरी असेल, शोधून ठेवतो. ती गेल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "वहिनी, ते जळालं." मी त्याच्यावर ओरडले. मनात होतं तेवढं नाही, कारण त्याचा चेहराच बघवत नव्हता.

अक्कल चालवली आर्वोने. या रायफली सगळ्या एका साच्यातल्या, दुसरी आण, तिचं लाकूड काप, कोणाच्या बापाला कळतंय! रेनो आधी नाही म्हणाला. मग हेल्मीने दोनदा विचारलं आणि तो शहरात जाऊन तशीच जर्मन रायफल घेऊन आला. तिचं लाकूड कापलं, खिळी घालून पुन्हा जोडलं, धूर दिला, तेल लावलं, कापावर मळ बसवला. मी बघितलं तर मलाही फरक कळेना.

हेल्मी आली. मी कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. रेनोने लाकूड टेबलावर ठेवलं, कडंही सोबत दिलं होतं. तिने कडं सरकवलं आणि कापावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हे सरळ आहे," ती म्हणाली.

रेनो टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागला.

"ताउनोला पावसुद्धा सरळ कापता यायचा नाही, रेनो. हे तुझं काम आहे. त्याचं कुठे आहे?"

"जाळलं. भट्टीत."

"कधी?"

त्याने सांगितलं. ऑगस्टमधला एक शनिवार. त्या शनिवारी ती आमच्याकडेच होती, सौनात माझ्या शेजारी वरच्या बाकावर. तिला ते आठवायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी त्यात शेकत बसले होते," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. ताउनोला पुरलं तेव्हा ती अशी रडली नव्हती. मला तिची कीव आली आणि माझ्या दिराचीही. तो तिथेच उभा होता, जवळ जायची हिंमत नाही आणि बाहेर जायचीही नाही.

तिने डोळे पुसले. "जाळलंस त्याचं रडू येतंय मला. राग त्याचा नाहीये. तू मला येडी समजलास, त्याचा आहे."

"येडी नाही समजलो. घाबरलो."

"कशाला?"

"तू यायची बंद होशील म्हणून."

चाळिशीचा झाला तेव्हा कुठे हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं. मी चुलीकडे तोंड करून उगाच भांडं हलवत राहिले. हेल्मी उठली, कोट घातला, ते खोटं लाकूड तिथेच राहू दिलं. दारात थांबून म्हणाली, "पंधरा तारखेला मोसम उघडतोय. पहाटे तयार राहा. तळ्याकाठी झाडाचे दोन बुंधे आहेत. ताउनो बसायचा त्या बुंध्यावर तू बसायचं नाही, तिथे मी बसेन. बाजूच्यावर बसायचं."

रेनो गेला. बाजूच्यावर बसला. पुढच्या वर्षी गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही. शिकार ती करायची, हा कॉफीची बाटली सांभाळायचा. लग्नाचं तिने काढलं नाही, त्याने तर नाहीच नाही. मी किती वेळा डोकं आपटलं. तो म्हणायचा, "वहिनी, तिने जागा सांगितलीय मला."

अशी कितीतरी वर्षं गेली. आर्वो गेला, गिरणी बंद पडली. एकदा हेल्मी माझ्याकडे बसली होती, हातात कॉफी, आणि एकदम चिडून म्हणाली, "ताउनोचा बुंधा कधीच कुजून गेला. तुझ्या दिराच्याच हातचं बाक करून घेतलंय मी तिथे, चांगलं दोघांचं. तरी हा गडी आपला बाजूला त्या सडक्या बुंध्यावर बसतो. आता मी तोंडाने सांगू का, की सरक म्हणून?"

"मग सांग ना," मी म्हणाले.

"मला लाज वाटते," ती म्हणाली.

मी तशीच उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली ओरडून सांगितलं. खाली तेल चोळायचा आवाज येत होता, तो थांबला. त्या नोव्हेंबरात रेनो बाकावर सरकला. त्याला तेव्हा सत्तरावं लागलं होतं.