दुसऱ्या माथ्यावरचे भुंगेरे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, काळाचौकीच्या ज्या मावशीच्या खोलीत राहून शिकलो तिला नाही, माझ्या गाईड मॅडमना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — नीट माहीत नाही. हल्ली साधी पेन्सिल दिसली तरी मी नजर वळवतो. म्हणून असेल.

होय, पेन्सिल. आम्ही भुंगेरे पकडून स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकतो आणि आत कागदाची चिठ्ठी सोडतो — कुठल्या डोंगरावर सापडला, कधी, कुणाला. शाई स्पिरिटमध्ये विरते, म्हणून पेन्सिलनेच लिहायचं. आपण कुठले, हे मेलेला भुंगेरा सांगत नाही. चिठ्ठी सांगते. आणि चिठ्ठीच खोटी असेल तर?

मी तालुक्याच्या गावचा, घरातला पहिला पदवीधर. परळच्या कॉलेजात मॅडमनी मला संशोधनाला घेतलं तेव्हा मला इंग्रजीत धड चार वाक्यं बोलता येत नव्हती. तरी घेतलं. हे मी एक दिवसही विसरलेलो नाही — म्हणूनच तर पुढचं लिहिणं जड जातंय.

मॅडमचा प्रश्न सुंदर होता. सह्याद्रीच्या माथ्यांवर एक काळा भुंगेरा राहतो. त्याला उडता येत नाही, आणि गारवा लागतो. फार पूर्वी हवा थंड होती तेव्हा तो खाली दरीतही फिरत असणार. हवा तापत गेली तसा तो वर वर सरकला आणि एकेका माथ्यावर वेगळा अडकून पडला. जितका काळ एकटा, तितका रूपाने निराळा. म्हणजे शेजारच्या दोन माथ्यांवरचे भुंगेरे ताडून पाहिले, की मधली दरी किती जुन्या काळी तापली याचा अंदाज येतो. दोन्हीकडचे भुंगेरे मी आणायचे होते.

पहिल्या माथ्यावरून आणले. दुसऱ्याच्या वाटेवर कड्याला चिकटलेली आडवी पायवाट लागली — पाऊलभर रुंद, तीही घसाऱ्याची. मी उभा राहिलो. खाली बसलो. मग — बसल्या बसल्याच मागे सरकत आलो. एवढंच. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, अंगात ताप नव्हता. ‘मॅडम, मी घाबरलो’ — तीन शब्द. का नाही म्हणालो? पायथ्याच्या हॉटेलात चहा सांगितला, पहिल्या माथ्यावरचे निम्मे भुंगेरे दुसऱ्या बाटलीत घातले, आणि नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या माथ्याचं नाव लिहिलं. अक्षर अगदी नीट आलं होतं.

दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. निघणारच! त्यावरून मॅडमनी लिहिलं, की ही दरी अगदी अलीकडेपर्यंत गार होती. हजारो वर्षांची हवा माझ्या पेन्सिलीने ठरवली. मला डॉक्टरेट मिळाली, मग त्याच कॉलेजात नोकरीही. गणपतीत मंडळाने स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. “किडेमास्तर, आता आमच्या खोलीतल्या ढेकणांवर पण करा ना एक पीएचडी!” मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

इथवर नुसतं खोटं होतं. मग प्रज्ञा आली.

नायगावच्या बीडीडी चाळीतली ही मुलगी आता माझी विद्यार्थिनी. तिला दुसऱ्या माथ्यावरचे आणखी भुंगेरे हवे होते. तिने वाट विचारली. तेव्हा तरी बोलायचं ना? मी कागद ओढला आणि नकाशा काढून दिला — आडवी वाट संपली की डावीकडे घळ, घळीतून सरळ माथा. ती घळ मी मनानेच काढली. निघायच्या आदल्या दिवशी तिची आई कॉलेजच्या दारात भेटली. “सर, तुम्ही जाऊन आलायत म्हणून पाठवतेय हां. नायतर हिचे पप्पा ऐकतच नव्हते.”

मी मान हलवली.

घळ नव्हतीच. प्रज्ञाने खूप शोधली, मग उघड्या कातळावरून चढली. माथा गाठला, भुंगेरे घेतले, आणि उतरताना घसरली. सोबतच्या मैत्रिणीने गावातून माणसं आणली. पायात सळई घातली आहे. पुन्हा डोंगर चढता येईल का, डॉक्टर सांगत नाहीत.

हॉस्पिटलात तिने उशीखालून बाटली काढली. आतले भुंगेरे तांबूस, पाय लांब — बघताक्षणी निराळे. “सर, तुमची घळ मला दिसलीच नाही. आणि हे तर भलतेच निघाले. मी दुसऱ्याच कुठल्यातरी डोंगरावर चढले वाटतं, मूर्खासारखी. तेवढं चिठ्ठीवरचं नाव खोडून टाका ना.”

मी काय म्हणालो? — “असेल.”

आणि तिच्यासमोर, चिमट्याने चिठ्ठी बाहेर काढून, त्या नावावर रेघ मारली. त्या माथ्याच्या नावाची एकुलती एक खरी चिठ्ठी.

आज त्या माथ्याचं नाव पुन्हा लिहून नवी चिठ्ठी प्रज्ञाच्या बाटलीत सोडली आहे. उद्या ती मॅडमच्या टेबलावर ठेवीन. त्यांनी लिहिलेलं सगळं कोसळेल, माझी नोकरीही जाईल — याची भीती आहेच. पण त्याआधी, आज संध्याकाळी, नायगावला प्रज्ञाच्या घरी जायचंय. ते दार तिची आई उघडेल. तिला सांगायचंय, की प्रज्ञा बरोबर डोंगरावरच होती. मी तिथे कधी गेलोच नाही.