ताईला बोलावणं करणारा मामा

त्या गुरुवारी सकाळी अकोल्याहून मामीचा फोन आला, "बाई, तुहे मामा गेले वो..." आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता आईला कोण सांगणार? त्याच दुपारी मामा अमरावतीला आमच्याकडे जेवायला यायचा होता. निवृत्तीनंतर त्याने आईकडचा गुरुवार कधी चुकवला नाही.

सुधाकरमामा आईचा धाकटा भाऊ, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. आईला अल्झायमर झाला तेव्हा मी एक मोठी चूक करत होते, तिची परीक्षा घ्यायची. पाहुणा आला की, "आई, ओळख बरं, हे कोन?" ती गप्प राहिली की मी चिडायची. एकदा मामासमोरच तिच्यावर खेकसले. मामा भडकला. "काहून छळून राहिली तिले? थे काय रुसली हाय?"

मग मला समोर बसवून म्हणाला, "आपल्याकडं जेवनाचं आवतन सकाळीच देतात. तरी पंगतीच्या वेळी पुन्हा बोलावनं गेल्याबिगर कोनी उठते काय? मेंदूतल्या पेशीचंही तसंच." बाहेरचा संदेश पेशीच्या दारापर्यंत येतो, आत एक प्रथिन तो दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. या आजारात इन्सुलिनसारख्यांचा संदेश दारात येऊनही आत नीट पोचत नाही. मग ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, 'बस कर' म्हणायचं ते थांबतच नाही, टाऊ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट डकवत सुटतं, त्या टाऊचा गुंता होऊन बसतो, पेशी मरत जातात आणि आठवणी पुसत जातात. "पन हे एकच कारन नोको समजू," त्याने बजावलं, "आमालेबी अजून पुरतं कळलं नाई." मला तर निम्मंच कळलं. पण आई मुद्दाम करत नाही, एवढं पक्कं कळलं, आणि माझा राग उतरला. मामाचे हे उपकार कसे फिटायचे?

तो स्वतः चपला काढतानाच मोठ्यानं सांगायचा, "ताई, मी सुधाकर. तुहा भाऊ. जेवाले आलो." घटकाभराने पुन्हा तेच, तितक्याच आनंदाने...

तो गेल्याचं मी आईला सांगितलं. खोटं बोलणं मला जमत नाही ना! तिने हंबरडा फोडला. तासाभराने म्हणाली, "सुधाकर आला काय?" मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच हंबरडा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. तेव्हा मी कानाला खडा लावला. भावाचं मरण तिला रोज नव्यानं दाखवणारी मी कोण?

परवा तिने परत विचारलं. मी जवळ बसले. "नाई आला अजून. कसा हाय वो तुहा सुधाकर?"

आईचा चेहरा खुलला. तिच्या लेखी तो सहा वर्षांचा होता, कालच तिने त्याला बोट धरून पहिल्यांदा शाळेत नेलं होतं.

"लय रडला असन न?" मी विचारलं.

"थो कायचा रडते? धावत गेला आत. मांगं वळून बी नाई पायलं. मीच रडली."